वर डोंगरकापणी, खाली व्हाळ: पावसाआधी ठेकेदाराकडून काय काय करून घ्यावे?

पोफळीसावली | १६ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

गोव्यात फोंडा तालुक्यात आमचे कुळागर (पोफळीची बाग) आहे. त्याच्या वरच्या अंगाला डोंगराची उतरण आहे आणि तिथे गेल्या महिन्यापासून पोकलेन चालू आहे. बंगल्यांचा प्रकल्प आहे, परवान्याचा फलकही लावलाय, त्यामुळे काम बेकायदा आहे असे मी म्हणत नाही. पण कापलेल्या मातीचा डोंगराएवढा ढीग थेट व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठावर रचलाय. व्हाळ आत्ता सुकलेला आहे, दोन कोंडींत (डोहांत) काय ते पाणी. साइटवरच्या माणसाला विचारले तर म्हणतो, "बाये, हांगा व्हाळ खंय आसा? सुकें गटार तें."

हेच "गटार" जूनमध्ये कमरेएवढे वाहते. त्यावर आमच्या पोफळी, केळी, जायफळ. त्याखाली तीन वाड्यांची सरद (पावसाळी) शेती आणि शेवटी खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन. मला भांडण नको आहे. पावसाला सहा-सात आठवडे आहेत. तेवढ्यात त्यांच्याकडून नेमके काय करून घ्यायचे, कुठल्या क्रमाने, आणि ऐकलेच नाही तर कोणाचे दार ठोठवायचे, एवढे कळले तर बरे होईल. साइटवर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

सड्यावरची | १६ एप्रिल, रात्री १०:०५

ताई, आधी ढिगाचे फोटो काढा. मागे एखादे ओळखीचे झाड किंवा विजेचा खांब येईल असे काढा. पाऊस पडून गेल्यावर ढीग किती मोठा होता हे कोणीही कबूल करत नाही.

---

चिरेबंदी | १६ एप्रिल, रात्री ११:३२

रस्ते आणि पुलांच्या साइटवर बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

बहुतेक साइट उलट्या टोकाने सुरुवात करतात. सगळ्यात खाली, व्हाळाच्या तोंडाशी वाळूच्या गोणी रचतात आणि झाले म्हणतात. सुरुवात वरून करायला हवी.

पहिले काम म्हणजे वरून येणारे स्वच्छ पाणी साइटवर येऊच न देणे. कापणीच्या वरच्या कडेला, न कापलेल्या जमिनीत, जेमतेम उतार दिलेला एक चर मारायचा आणि डोंगरावरचे पाणी साइटला वळसा घालून व्हाळात सोडायचे. हिशोब करून बघा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका दिवसात १०० मिमी पडला तर कोणाला नवल वाटत नाही. एक हेक्टरवर १०० मिमी म्हणजे दहा लाख लिटर पाणी. तुमच्या वर दोन हेक्टर डोंगर असेल तर वीस लाख लिटर स्वच्छ पाणी त्या उघड्या मातीवरून धावत खाली येणार. ते वेगळे काढले की उरते फक्त साइटवर पडलेले पाणी. तेवढे सांभाळता येते.

दुसरे, ढीग. तो व्हाळापासून हलवायचा. सपाट जागी, उंची कमी ठेवून रचायचा, वर ताडपत्री आणि पायथ्याला चिऱ्यांची (जांभा दगडाची) किंवा गोणींची कड. वरची काळसर सुपीक माती वेगळी ठेवायला सांगा, शेवटी झाडे लावायला तीच लागते.

तिसरे, आणि ठेकेदार यालाच सगळ्यात जास्त नाही म्हणतात: जेवढे बांधणार तेवढेच उघडे करा. सगळी टेकडी एकदम सोलून ठेवायची आणि पावसाळाभर तशीच सोडायची, यातच सगळा घात आहे. मेच्या मध्यानंतर नवीन कापणी नको. कापून झालेल्या उतारावर काथ्याची जाळी अंथरून गवत रुजवा. वाळाही लावता येतो, त्याची मुळे खोल जातात.

चौथे, साइटचे पाणी गाळ बसवण्याच्या तळ्यातून बाहेर सोडा. तळे लांबट हवे, पाणी एका टोकाला आत आणि दुसऱ्या टोकाला बाहेर. मध्ये एक आडभिंत घालून दोन कप्पे केले तर उत्तम. पण तळ्यावर फार भिस्त ठेवू नका. वाळू मिनिटाभरात बसते, बारीक पोयटा काही तासांत, चिकणमाती मात्र दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहते. आपल्या तांबड्या मातीत ती भरपूर असते. म्हणून तळ्यातून बाहेर पडणारे पाणी लालच दिसेल. खरे काम वरच्या तीन गोष्टींतच होते: माती जागची हलू द्यायची नाही.

आणखी एक. कापणीत चिऱ्याचा थर संपून खाली पांढरट, पिवळट किंवा जांभळट मऊ माती लागली आहे का, ते बघून सांगा.

---

तिस्क_नाक्यावर | १७ एप्रिल, सकाळी ७:१५

माशेलचा चिखलकाला (चिखलात खेळायचा उत्सव) आषाढात असतो, हे ठेकेदाराला कोणीतरी सांगा. जूनपासूनच नको. 🙂

---

बांधकाम_आमचे_घर_तुमचे | १७ एप्रिल, सकाळी ११:५०

दुसरी बाजूही मांडतो. मी लहान बांधकाम व्यावसायिक आहे. पावसात गोव्यातला प्रत्येक व्हाळ लाल होतो, शेजारी बांधकाम असो वा नसो. घरे सगळ्यांनाच हवीत. आठ-दहा बंगल्यांच्या प्लॉटवर चर, तळे, जाळी सगळे करायचे तर जागा आणायची कुठून? आणि काम दोन महिने आधी थांबवले तर मजूर गावी जातात, परत आणायला दिवाळी उजाडते. बँकेचे व्याज थांबत नाही.

एवढे मान्य करतो की व्हाळाकाठी ढीग टाकणे कुठल्याच हिशोबात बसत नाही. ती माती नंतर भरावाला लागते किंवा विकली जाते. वाहून गेली तर पैसेच वाहून गेले. ताई, ठेकेदाराशी बोलताना याच अंगाने बोला. पर्यावरण म्हटले की तो ऐकायचे थांबवतो, भरावाची माती म्हटले की थांबून ऐकेल.

---

तांबडी_माती | १७ एप्रिल, दुपारी २:२०

"प्रत्येक व्हाळ लाल होतो" हे वाक्य ऐकून कान किटले. ते खरे की खोटे हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच वेळी दोन बाटल्या भरा, एक साइटच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला. तारीख-वेळ लिहून रात्रभर तशाच उभ्या ठेवा. सकाळी दोन्हींच्या बुडाला किती थर बसला ते बघा. वरच्या बाटलीत केसभर आणि खालच्या बाटलीत बोटभर गाळ असेल तर तो डोंगराचा नव्हे, साइटचा. शाळेतल्या मुलांकडून हे करून घेतले आहे, मुले फार मनापासून करतात.

मापाची कल्पना यावी म्हणून: सांडपाणी नदी-ओढ्यात सोडताना त्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे केंद्रीय मानक आहे. म्हणजे पन्नास लिटरच्या पिंपात पाच ग्रॅम, जेमतेम चमचाभर माती. उघड्या उतारावरून येणारे पाणी याच्या कितीतरी पलीकडे असते.

---

वाळवंटीकाठ | १७ एप्रिल, रात्री ८:४५

आम्ही डिचोलीकडचे. गाळ म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. लोखंडाच्या खाणींचे मातीचे ढीग पावसात कोसळायचे आणि रात्रीत शेत लाल व्हायचे. २०१२ साली खाणी थांबल्या, पण शेतात बसलेला गाळ थांबल्याबरोबर उठून गेला नाही. भाताच्या रोपाच्या मुळाशी हवा लागत नाही, वर पापुद्रा धरतो, उन्हात तडकतो. काही शेते वायंगणाला (उन्हाळी भाताला) परत आली, काही पडीकच राहिली. गाळ काढायला मशीन आणले तर शेताची मूळची मातीही त्याबरोबर जाते.

बांधकामवाले दादा, तुमच्या व्याजाची अडचण खरी असेल. पण खालच्या शेतकऱ्याचा एक हंगाम गेला तर त्याचे व्याज कोण भरतो? त्याला तर कोणी विचारलेलेही नसते.

---

बांधकाम_आमचे_घर_तुमचे | १७ एप्रिल, रात्री ९:३०

@वाळवंटीकाठ, तुमचे म्हणणे पोचले. खाण आणि बंगला यांची तुलना मला पटत नाही, पण शेतकऱ्याला आधी सांगायला हवे हे पटते.

---

काळाकोट | १८ एप्रिल, सकाळी १०:१०

कायद्याचे थोडक्यात, कारण "सुकें गटार" हा शब्द वाचून स्वस्थ बसवेना.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९७४. त्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत प्रवाह म्हणजे नदी, आणि वाहता असो वा तूर्त कोरडा असो, कुठलाही जलमार्ग. भरती-ओहोटीचे पाणी आणि भूगर्भातले पाणीसुद्धा. म्हणजे एप्रिलमध्ये सुकलेला व्हाळ कायद्याच्या लेखी व्हाळच आहे. कलम २४ प्रमाणे त्यात प्रदूषण करणारी वस्तू जाणूनबुजून जाऊ देणे मना आहे, आणि प्रवाह अडून प्रदूषण वाढेल असे काही टाकणेही मना आहे. पूल, बंधारा, नाली यांच्या हक्काच्या बांधकामाला अपवाद आहे. काठावर रचलेल्या ढिगाला त्या अपवादाचा आडोसा मिळत नाही.

दुसरे, गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातले कलम १७-अ. मुख्य नगरनियोजकांच्या लेखी परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही आणि सखल जमीन बुजवता येत नाही. ती परवानगी घेतली आहे का आणि तिच्यात कुठल्या अटी आहेत, हे माहिती अधिकारात मागा. बांधकाम परवाना वेगळा आणि ही परवानगी वेगळी.

प्रकल्पाचे बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरीही लागते. तशी असेल तर अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तुमच्याकडे बंगले म्हणता, तेवढे मोठे नसावे.

अर्ज कोणाकडे: पंचायत, नगरनियोजन खात्याचे तालुका कार्यालय, जलस्रोत खाते, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि विभागीय कृषी कार्यालय. कृषी कार्यालयाला विसरू नका. शेताला धोका आहे असे त्यांनी लिहून दिले की बाकीचे हलतात. सगळ्यांना एकच अर्ज, पोच घेऊन. आणि एप्रिल हा सर्वसाधारण ग्रामसभेचा महिना आहे. ती रविवारी असते, तो रविवार हातचा जाऊ देऊ नका.

---

चढणीचा | १८ एप्रिल, रात्री ९:०५

सगळे शेतीचे बोलले, माशांचे कोणी बोलले नाही.

पहिल्या मोठ्या पावसात मासे नदीतून व्हाळात आणि व्हाळातून शेतात चढतात. अंडी घालायला. आमच्या लहानपणी गावचा गाव कंदील घेऊन बांधावर असायचा. आता व्हाळाच्या तोंडाशीच बसून राहावे लागते आणि हाताला काही लागत नाही. त्यामागे कारणे अनेक आहेत, पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. साइटवरची सगळ्यात सैल माती पहिल्या दोन-तीन पावसांतच वाहून येते. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा गाळ आणि चढणीचे मासे एकाच आठवड्यात त्या व्हाळात असतात. बारीक माती कल्ल्यांत अडकते. अंडी घातलीच तर त्यांच्यावर थर बसतो, आत प्राणवायू पोचत नाही. गोट्यांच्या फटीत राहणारे किडे मरतात, म्हणजे पिलांचे खाणेही गेले.

खालीही तेच. आपल्या नद्यांत भरती बरीच आत येते, त्यामुळे गाळ एका झटक्यात समुद्रात जात नाही. भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली असा फिरत फिरत शेवटी काठावर बसतो. तिसऱ्या, खुबे, शिनाण्या या शिंपल्यांना तो गाडून टाकतो. चिखलीच्या उपसागरात चपट्या पारदर्शक शिंपल्या मिळतात, जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावायचे त्या. पाण्यातून गाळूनच खाणारा जीव तो. पाण्यात माती वाढली की पहिला मार त्यालाच.

---

पुण्याहून_पाहुणा | १९ एप्रिल, सकाळी ८:३०

आमच्याकडे साइटभोवती हिरवी जाळी लावतात. तीच व्हाळाच्या कडेने ताणली तर चालणार नाही का?

---

चिरेबंदी | १९ एप्रिल, दुपारी १:१५

@पुण्याहून_पाहुणा, नाही चालणार. ती सावलीची जाळी, तिच्या भोकांतून माती सहज जाते. गाळ अडवायला न विणलेले दाट कापड लागते. ते खुंट्यांना बांधायचे, खालची कड वीतभर चरात पुरून माती दाबायची. पुरली नाही तर पाणी खालून निघून जाते, आणि मी पाहिलेल्या दहातल्या नऊ ठिकाणी ती पुरलेली नसते. कापड उताराला आडवे, एकाच पातळीवर लावायचे. व्हाळाच्या पात्रात किंवा वेगाने वाहत्या पाण्यात कधीच नाही, पहिल्या लोंढ्यात जाईल. साठलेली माती कापडाच्या निम्म्या उंचीला पोचायच्या आत उपसायची.

आता ज्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत त्या सांगतो.

एक, सिमेंटचे धुवण. काँक्रीटची मिक्सर गाडी काम संपल्यावर जिथे धुतात ते पाणी चुन्याच्या निवळीसारखे जहाल असते, सामू (पीएच) बारा-तेरापर्यंत जातो. नदीत सोडायच्या पाण्याला साडेपाच ते नऊ ही मर्यादा आहे. हे पाणी दिसायला निवळशंख होऊ शकते आणि तरीही कोंडीतले मासे मारते, उन्हाळ्यात तर जास्तच, कारण व्हाळात ते पातळ व्हायला पाणी नसते. धुवायची जागा एकच ठरवायची, व्हाळापासून लांब, खड्ड्यात जाड प्लास्टिक अंथरलेले. पाणी सुकू द्यायचे, घट्ट झालेला गोळा फोडून बांधकाम कचऱ्यात द्यायचा. पावसात त्या खड्ड्यावर छप्पर हवे. सामू तपासायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात, ताई, एक पाकीट घेऊन ठेवा.

दोन, डिझेल. जनरेटर आणि पिंपे पत्र्याच्या तबकात ठेवायची, भोवती एवढी कड की पिंप फुटले तर सगळे आतच मावेल. पोकलेनमध्ये तेल भरायचे ते व्हाळाकाठी नाही.

---

सड्यावरची | १९ एप्रिल, दुपारी ३:००

तिसरी गोष्ट मी सांगते, कोणी लिहिली नाही. मजुरांची वस्ती कुठे आहे? बहुतेक ठिकाणी पाण्याच्या सोयीने व्हाळाकाठीच असते आणि शौचालय नसते. मग खालच्या विहिरींना त्रास झाला की गाव मजुरांना नावे ठेवतो. शौचालय आणि प्यायचे पाणी देणे ही १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यापासून मालकाची जबाबदारी आहे. ती मागणी अर्जात पहिल्या पानावर घाला. त्या बायाबापड्यांसाठीही आणि व्हाळासाठीही.

---

पोफळीसावली | १९ एप्रिल, रात्री ९:२०

@सड्यावरची, वस्ती व्हाळाच्या अगदी वर आहे. शौचालय नाही. अर्जात घालते.
@चिरेबंदी, होय, खालच्या अर्ध्या कापणीत पांढरट-जांभळट माती लागली आहे. हाताने कुस्करते.

---

चिरेबंदी | १९ एप्रिल, रात्री १०:४०

मग घाई करा. चिऱ्याचा थर कडक असतो, पाऊस झेलतो. त्याखालची ही माती चिऱ्याच्याच आसऱ्याने टिकलेली असते. उघडी पडली की पहिल्याच पावसात विरघळल्यासारखी वाहते, पाणी दुधासारखे होते आणि तळ्यात दोन दिवस ठेवले तरी निवळत नाही. शिवाय असे उतार घसरतातही. तो भाग आधी झाकायला सांगा. आधारभिंत बांधणार असतील तर पावसाआधी बांधा, तिला पाणी झिरपायची भोके ठेवा आणि मागे खडी भरा.

---

मोपा_पठार | २० एप्रिल, सकाळी ९:५५

थोडे विषयांतर. चिरेबंदींनी म्हटलेल्या त्याच सांध्यावर आपल्या झरी असतात. सड्यावरचे (कातळ पठारावरचे) पाणी चिऱ्याच्या भोकांतून खाली मुरते, चिकणमातीवर येऊन अडते आणि उतारावर जिथे तो सांधा उघडा पडतो तिथे बाहेर येते. केसरव्हाळ म्हणा, साळगावची झर म्हणा, देवळांच्या मागच्या कितीतरी तळ्या म्हणा. कापणीने तो सांधा वरच तोडला की झरीचे पाणी कापणीतच गळून जाते आणि खालची तळी मार्चमध्ये कोरडी पडते. तेव्हा ताई, कुळागराला येणारे पाणी व्हाळाचे की झरीचे, हेही या उन्हाळ्यातच नोंदवून ठेवा. पाटाला आत्ता किती धार आहे ते घागर भरायला लागणाऱ्या वेळाने मोजता येते.

---

तिस्क_नाक्यावर | २० एप्रिल, दुपारी १२:१०

प्रश्न आहे, मस्करी नाही. गाळ आलाच तर व्हाळात तुरटी टाकून पाणी निवळता येत नाही का? ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रात तेच करतात ना?

---

तांबडी_माती | २० एप्रिल, दुपारी १:३०

ओपाला खांडेपार नदीचे पाणी टाकीत घेऊन, मापून तुरटी घालतात आणि खाली बसलेला साका वेगळा काढतात. वाहत्या व्हाळात तसे काहीच होत नाही. तुरटीने पाणी आंबट होते आणि आंबट पाण्यात ॲल्युमिनियम माशांना बाधते, शिवाय साका व्हाळाच्याच तळाला बसतो. साइटच्या बंद तळ्यात, जाणकाराच्या देखरेखीखाली, मोजून वापरता येते. व्हाळात मुळीच नको. आणि लक्षात घ्या, वरच्या व्हाळांचा गढूळपणा जेवढा वाढेल तेवढी तुरटी आपल्याच पिण्याच्या पाण्यात जास्त घालावी लागते.

---

पोफळीसावली | ५ मे, रात्री ९:१५

मंडळी, काय झाले ते सांगते.

ग्रामसभेत विषय मांडला. वाळवंटीकाठ यांनी लिहिलेले आमच्या शेतकऱ्यांनी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले. कृषी कार्यालयातून बाई येऊन पाहून गेल्या, लिहूनही दिले. त्यानंतर बिल्डरचा तरुण इंजिनिअर स्वतः घरी आला. मुलगा चांगला वाटला. त्याच्यापुढे भरावाच्या मातीचा विषय काढला (बांधकामवाले दादा, आभार) आणि गडी खरेच मोजायला लागला.

ढीग बराचसा हलवला. वरचा चर मारला. मजुरांना दोन शौचालये बांधून दिली, वस्तीही मागे घेतली. पांढरट माती ताडपत्रीने झाकली आहे, काथ्याची जाळी येणार म्हणतात. कापणी थांबवायला मात्र तयार नाहीत. तळ्याला जागा नाही म्हणतात.

---

बांधकाम_आमचे_घर_तुमचे | ५ मे, रात्री १०:००

प्रकल्पाला पावसाच्या पाण्याची टाकी दाखवलेली असेलच. तिचा खड्डा आधी खणायला सांगा. एक पावसाळा तोच गाळ बसवण्याचे तळे होईल, नंतर साफ करून टाकी बांधता येते. आमच्या एका कामावर असेच केले होते, जागा वेगळी लागली नाही.

---

चिरेबंदी | ५ मे, रात्री १०:२५

उत्तम सूचना. मान गये.

---

पोफळीसावली | २३ मे, सकाळी ७:३५

काल वळवाचा पाऊस झाला, तासभर. टाकीच्या खड्ड्यात लाल पाणी भरले, म्हणजे तेवढे व्हाळात आले नाही. ताडपत्री टिकली. पण वरच्या चराचे पाणी जिथे व्हाळात पडते तिथे काठ खचलाय आणि चराचा तळही खोल झालाय. म्हणजे स्वच्छ पाणीच आता माती घेऊन येतेय. काय करायचे?

---

चिरेबंदी | २३ मे, सकाळी ८:५०

चर उतरणीवर एकदम खाली घेतला असणार. पाण्याचा वेग मोडायला हवा. चरात थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे बुटके बांध घाला, मध्यभागी सखल, कडेला उंच. अंतर असे की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याशी एका पातळीत येईल. जिथे उतार फार आहे तिथे चिऱ्यांच्या पायऱ्या. पाणी व्हाळात पडते त्या जागी मोठे दगड अंथरा, खाली कापड घालून, म्हणजे दगडांखालची माती निघणार नाही. हे सगळे दोन दिवसांचे काम आहे, दगड साइटवरच पडलेले असतील.

---

वाळवंटीकाठ | २३ मे, सकाळी ९:२०

नारळाची सोडणे (वरची साले) गच्च भरलेल्या गोणीही अशा चरात चांगल्या बसतात. आम्ही शेताच्या तोंडाशी घालतो. पाणी जाते, गाळ थांबतो. दर पावसानंतर बघावे लागते तेवढेच.

---

पोफळीसावली | ९ जून, रात्री ८:५०

पाऊस लागला. दगडांचे बांध टिकले. तांबडी_माती यांच्या बाटल्यांची पद्धत रोज चालू आहे, शेजारची मुले करतात. पहिले काही दिवस वरच्या-खालच्या बाटलीत फारसा फरक नव्हता, आणि चढणीचा, तुमच्यासाठी सांगते, रात्री शेतात मासे चढलेले दिसले.

पण परवापासून रोज सकाळच्या खालच्या बाटलीत बोटभर गाळ आहे आणि संध्याकाळच्या बाटलीत नाही. रात्री पाऊस नसला तरी. पांढरट गाळ आहे. हे कुठून येते?

---

चिरेबंदी | ९ जून, रात्री ९:१०

पंप. पायाच्या खड्ड्यात रात्रभर पाणी साचते, पहाटे मजूर पंप लावून ते थेट व्हाळात सोडतात, म्हणजे दिवसाचे काम सुरू करता येते. सकाळी लवकर जाऊन पाइपचे तोंड कुठे आहे ते बघा.

उपाय सोपा आहे. पंपाची जाळी खड्ड्याच्या तळाला टेकवायची नाही. भोके पाडलेल्या पिंपात खडी भरून त्यात ठेवायची किंवा तरंगत्या डब्याला बांधून वरचे पाणी ओढायचे. पाइपचे तोंड व्हाळात नको, टाकीच्या खड्ड्यात किंवा गवताच्या सपाट पट्ट्यावर सोडायचे, तेही दगडांवर, हळू. तळाशी उरलेला चिखल फावड्याने काढायचा, पंपाने नाही. आणि हे त्या तरुण इंजिनिअरला सांगा, मजुराला बोलू नका. त्याला खड्डा कोरडा कर एवढेच सांगितलेले असते.

---

पोफळीसावली | १० जून, सकाळी ८:०५

अगदी तसेच निघाले. पाइप करंजाच्या मुळांआड लपल्यासारखा होता. इंजिनिअरला जागेवर बोलावले, त्याने आपल्या हाताने तोंड फिरवून खड्ड्यात सोडले. पिंप आणि खडी आज आणतो म्हणाला. बाटल्या चालूच ठेवतो आहोत.

---

काळाकोट | १० जून, सकाळी १०:४०

छान. आता पुढच्या प्रकल्पासाठी. जुलैची ग्रामसभा येते आहे. बांधकाम परवाना देतानाच पंचायतीने अटी लिहून घ्याव्यात असा ठराव आणा: ढीग व्हाळापासून लांब, वरचा चर आधी आणि कापणी नंतर, मेच्या मध्यानंतर नवी कापणी नाही, पाण्याच्या टाकीचा खड्डा आधी, मिक्सर धुवायची जागा नकाशावर, मजुरांची शौचालये काम सुरू व्हायच्या आधी, पंपाचे पाणी व्हाळात नाही. मसुदा मी करते, तांत्रिक भाग चिरेबंदींनी तपासावा.

---

बांधकाम_आमचे_घर_तुमचे | १० जून, दुपारी १२:१५

मसुदा इथेच टाका. शौचालयाच्या आणि टाकीच्या अटीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मेच्या तारखेवर मात्र बोलू. लहान बांधकामांना, कापलेला भाग रोजच्या रोज झाकण्याच्या अटीवर, थोडी सवलत हवी.

---

वाळवंटीकाठ | १० जून, दुपारी १:००

सवलत मागणाऱ्याने खालच्या शेतकऱ्यांची लेखी संमती आणावी, हे वाक्य त्यात घाला. मग आम्हीही डिचोलीत मांडतो.

---

काळाकोट | १० जून, दुपारी १:२५

घातले. रविवारपर्यंत पहिला मसुदा टाकते.